पाठीवरची हवा

"हे जॅकेट मी पुन्हा घालणार नाही," असं मी साहेबांना सांगितलं, तेव्हा त्यांच्या दोन्ही तळव्यांना हळद लावलेली होती. आदल्या दिवशी मला धरणाच्या तळातून वर ओढताना दोर घासून त्यांची कातडी सोलवटली होती. ज्या माणसानं ओढून बाहेर काढलं, त्यालाच दुसऱ्या दिवशी नाही म्हणायचं, आणि तेही त्यानं माझ्यासाठी मुद्दाम मागवलेल्या वस्तूला. पण म्हणालो. आजही म्हणेन.

मी मूळचा मालवणकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, आणि कुणी परत धरून नेऊन बसवलं नाही. वडिलांच्या होडीवर होतो, मग जाळी सोडवायला पाण्याखाली जायला लागलो. किनाऱ्यावर पाहुण्यांना पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी फिरवून आणण्याचा धंदा सुरू झाला तेव्हा तिथं लागलो. दोन हजार साल उलटून गेलं होतं. आर्वीत राहून धरणांची कामं घेणारे एक इंजिनियर एकदा मित्रांबरोबर सुटीला तिथं आले. मित्र पाण्यात उतरले, हे धक्क्यावर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसले. नांगराच्या साखळीत अडकलेलं जाळं सोडवून मी वर आलो, तर मला म्हणाले, "माझ्याबरोबर चलतो का? धरणाच्या गेटची कामं असतात. खाली जाऊन पाहणारा माणूस मिळत नाही."

मी म्हणालो, "साहेब, मी सातवी आहे."

"मी तुले धडा वाचाले थोडीच नेऊन राह्यलो," ते म्हणाले.

तोवर ज्यानं त्यानं मला आधी दहावीचं विचारलं होतं. या माणसानं विचारलं नाही. एवढ्यासाठी मी ते सांगतील तिथं गेलो असतो, आणि गेलो ते वर्धा जिल्ह्यात. समुद्रापासून याहून लांब जायचं म्हटलं तर जागा शोधावी लागेल. आर्वीला एसटी डेपोमागं खोली घेतली. आईला फोन केला तर ती म्हणाली, "थंय पाणी आसा?" म्हटलं, "आसा. धरणाचा." म्हणाली, "मग काय, पाणी ता पाणीच." तिचं ते वाक्य मी खरं धरलं. ते पुरतं खरं नाही, हे कळायला मला एक विहीर लागली.

ज्यांनी कधी टाकी बांधली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पाण्याखाली माणसाला फक्त श्वासाची हवा पुरत नाही. बुडायचं किती आणि तरंगायचं किती, हे धरून ठेवणारी दुसरी एक हवा लागते. ती एका फुग्यात असते. नळीचं बटण दाबून भरली की माणूस हलका होतो, दोरी ओढून सोडली की जड होतो. त्याच फुग्याला टाकी बांधलेली असते आणि त्याला माणूस. हा फुगा दोन तऱ्हेनं मिळतो. एक जॅकेट: बंडीसारखं अंगात घालायचं, हवा पोटाशी, बगलेत, सगळीकडून भरते. दुसरा प्रकार पंखाचा: पाठीला धातूची एक प्लेट, प्लेट आणि टाकी यांच्यामध्ये घोड्याच्या नालेसारखा फुगा, आणि पुढं छातीवर फक्त पट्टे. पाहुण्यांना जॅकेट बरं. मी शेकडो लोकांना घातलंय, त्याला वाईट म्हणणार नाही. पाण्यावर आलं की जॅकेट माणसाला उभं धरतं, तोंड वर ठेवतं. भित्र्या माणसाला तेवढंच हवं असतं.

माझ्यासाठी साहेबांनी जॅकेटच मागवलं. मुंबईहून पार्सल आलं, डेपोतून ते स्वतः घेऊन आले. काळं, नारिंगी कडांचं, कोरं. माझ्या नावानं कुणी काही नवीन मागवावं असं आयुष्यात फारसं झालेलं नव्हतं. मी ते खोलीत घालून पाहिलं आणि फुगवलं. मी अंगानं बारका, जॅकेट थोराड. पुढून गच्च फुगलं आणि खांद्यावरून सुटून कानापर्यंत वर आलं. घरमालकीण काकू ताक द्यायला म्हणून आल्या आणि दारातच थांबल्या.

"काय हो भाऊ, हे काय घालून राह्यले?"

"पाण्यात घालायचं आहे, काकू."

"मले वाटलं सातवा महिना लागला का काय तुमाले." ताक ठेवून जाताना परत वळल्या. "हवा सोडा बाप्पा थोडीशी. पाहूनच मले दम लागून राह्यला."

मी हसलो. पण धाकधूक होती. मी काळजीचा माणूस आहे. टाकीचं तोंड उघडलं की नाही हे मी पुन्हा पुन्हा बघतो, मग खाली गेल्यावर मनात परत बघतो. लोक म्हणतात, भीती असली तर या धंद्यात येऊ नये. मी म्हणतो, माझ्या भीतीनंच मला इतकी वर्षं वर आणलंय, तिला कोण नावं ठेवतो ते मला बघू द्या.

जॅकेट घालून मी धरणात गेलो. काम असं होतं की कालव्याकडं पाणी सोडायच्या तोंडाला लोखंडी जाळी होती आणि तिच्यात झाडोरा अडकून पाणी नीट जात नव्हतं. धरण भरलं तेव्हा खालच्या शेतांच्या धुऱ्यांवरच्या, म्हणजे बांधांवरच्या, बाभळी तशाच उभ्या बुडाल्या होत्या. वर्षानुवर्षं पाण्यात राहून त्यांची साल गेली, काटे राहिले. काळे, दाभणासारखे. खाली हाताचा पंजा दिसत नव्हता. गाळ चहासारखा. जाळीशी पोचायला एका आडव्या पडलेल्या बाभळीच्या अंगावरूनच सरकत जावं लागायचं, पोट तिच्यावर घासत. आणि माझं पोट कुठं होतं? त्याच्या पुढं वीतभर तो फुगा होता. जॅकेटाचे खिसे, बकलं, लोंबणारे पट्टे, सगळं पुढंच. एक फांदी सोडवली की दुसरी धरायची. फुगा फुगवला की छाती दाबली जायची, श्वास अर्धा यायचा. फुगा रिकामा केला की मी दगडासारखा गाळात बसायचो. एवढा जड मी कधीच नव्हतो. तेव्हा वाटलं, जॅकेटच जड असेल.

मग पोटापाशी बुडबुड्यांची बारीक धार जाणवली. काटा घुसला होता. नळी दाबत राहिलो, हवा आत जायची तशी बाहेर यायची. कमरेला शिशाचा पट्टा होता, तो सोडला असता तर वर आलो असतो. पण पट्टाही एका काट्यात अडकला होता, आणि त्याच्यासाठी ओढाताण करण्यात श्वास घालवायचा नाही एवढं मला कळत होतं. मी कमरेचा दोर खेचला. वर भिंतीवर तो दोर साहेबांच्याच हातात होता. हे काम ते दुसऱ्या कुणाला देत नसत. त्यांनी ओढलं. काट्यांनी फाटत फाटत, बाभळीची एक फांदी सोबत घेऊन मी वर आलो. साहेब खाली बसले, तळवे पाहिले, आणि गेटमनला म्हणाले, "याले चहा पाज. मले पण."

म्हणून दुसऱ्या दिवशी, हळदीच्या हातांसमोर, ते वाक्य मला म्हणावं लागलं.

"काऊन?" साहेब म्हणाले. "एक पंक्चर झालं म्हणून? पंक्चर काढता येते."

"पंक्चरचं नाही, साहेब. हवा पुढं आहे. काटेही पुढंच आहेत."

"मग काय तुले हवाच नको?"

"हवी. पाठीवर हवी."

माझ्याकडं एक जुना पंख होता. मालवणला एक म्हातारी परदेशी पाहुणी स्वतःचं सामान घेऊन यायची. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला नाही. खाली ती माशासारखी आडवी, न हलता राहायची. मी जॅकेटात तिच्यामागून हातपाय मारत जायचो. एकदा तिनं मला तिचं सामान घालायला दिलं. छातीवर काही नाही. श्वास घेतला आणि तो पोटापर्यंत गेला. शेवटच्या फेरीला तिनं नवा फुगा घेतला आणि जुना माझ्या हातात ठेवला. प्लेट आणि पट्टे मात्र तिच्याबरोबर गेले. तो नुसता फुगा मी पेटीत घडी करून आर्वीपर्यंत आणला होता. का आणला, ते आता कळत होतं.

मी तो साहेबांना दाखवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला.

"आणि तू बेशुद्ध झाला तर काय करशील?"

"बेशुद्ध झालो तर काही करणार नाही, साहेब."

"मस्करी नको करू बे. जॅकेट तोंड वर ठेवते. हे तुझं पाठीवरचं लफडं तुले पालथा टाकेल. नाक पाण्यात."

"बेशुद्ध मी खाली होईन. खाली नाक वर असलं काय नि खाली असलं काय, सगळीकडं पाणीच."

"अन् मागं काटा घुसला तर? तुले दिसते का मागचं?"

"नाही दिसत. पण मागं टाकी आहे, पुढं प्लेट आहे, फुगा मध्ये आहे. आणि मी पुढच्या अंगानं घुसतो, साहेब. उलटा चालत जात नाही."

त्यांचा राग मला कळत होता. पंखाचा राग नव्हता तो. मला द्यायला त्यांनी चांगल्यातलं चांगलं शोधलं होतं, दहा जणांना विचारलं होतं, आणि हा सातवी शिकलेला माणूस पेटीतून एक जुना रबरी नाल काढून दाखवत होता. मला लाज वाटत होती. पण अंगात ते जॅकेट आठवलं की लाज उतरायची. कृतज्ञ राहायचं म्हणून छाती दाबून घ्यायची, हे मला जमणार नव्हतं. उपकार मी मानतो, दर दिवशी मानतो, पण श्वास माझा मीच घेतो.

शेवटी ते म्हणाले, "एक अट आहे. फुगा पूर्ण रिकामा करून, अंगावर सगळं सामान असताना, पाय मारून वर येऊन दाखव. माझ्यासमोर. नाही जमलं तर जॅकेट घालायचं, किंवा गावी जायचं."

गावी जायचं म्हणजे परत पाहुण्यांच्या टाक्या उचलायच्या. हे ते रागानं म्हणाले की काळजीनं, मला कळलं नाही. अट मात्र बरोबर होती. मी असतो तर हीच घातली असती.

प्लेट आर्वीतच करायची ठरवली. दुधाच्या टाक्या, कढया जोडून देणारा एक फॅब्रिकेशनवाला होता. त्याच्याकडं जाड स्टीलच्या पत्र्याचा तुकडा उरलेला होता. मी पुठ्ठा कापून नेला आणि मधोमध पन्हाळीसारखी घडी हवी असं सांगितलं.

"हे कोणत्या गाडीचं पार्ट आहे?"

"गाडीचं नाही. माणसाचं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, पुठ्ठा माझ्याच पाठीला लावून पाहिला आणि म्हणाला, "मंग माप बरोबर आहे." पुढं एक शब्द विचारला नाही. फक्त वाकवताना पत्र्याला म्हणत होता, "वाक ना बावा, वाक." कडा मी स्वतः कानसीनं घासल्या. धारदार कड फुग्याला लागली की संपलं. घासून मी त्यावरून गाल फिरवायचो. त्याला ते वेड वाटलं असेल. पट्टा ट्रकच्या ताडपत्रीला लावतात तसला आणला, एकच लांब, खांद्यावरून बगलेतून कमरेपर्यंत, पुढं एकच बकल. काकूंनी दाभणानं टाके घातले. "एवढं जाड काय बांधून राह्यले?" म्हणाल्या. मी म्हटलं, "मला." म्हणाल्या, "मंग अजून एक टाका घालते."

पाणी कुठं? धरणात आधीच काटे. काकूंचे मालक, त्यांना मी काका म्हणायचो, त्यांचं शेत रोहण्याला होतं. त्यात मोठी दगडी विहीर, पायऱ्यांची, दिवाळीनंतर भरलेली. काका म्हणाले, "या ना. पोट्टे पोहतच राह्यते तिथं. तुमी पण पोहा." मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की हे पोहणं नाही. "मंग काय, बुडणं?" ते म्हणाले. मी म्हटलं, "हो, काका. बुडणंच."

विहिरीवर पोचलो तर अर्धं रोहणा तिथं. कापूस वेचणाऱ्या बाया काम सोडून आल्या होत्या. पाण्यात चारदोन पोरं होती, प्रत्येकाच्या पाठीला दोरीनं प्लास्टिकचा रिकामा डबा बांधलेला. मी असं कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडं पोराला होडीतून टाकतात, मग ते पोहतं. साहेब विहिरीपासून चांगले चार हात लांब, आंब्याच्या सावलीत उभे राहिले. काका म्हणाले, "जवळ या ना साहेब, इथून काय दिसते?" साहेब म्हणाले, "दिसते, दिसते."

पोरांना बाहेर काढलं. मी सामान चढवलं: प्लेट, फुगा, टाकी. आणि कमरेला शिशाचा पट्टा, नेहमीचा, शिसंही नेहमीच्याच हिशेबानं. प्लेट स्वतः जड आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून त्यातून थोडं काढलंही होतं. पण बाकीचं हातानं सवयीनं बांधलं. पायऱ्या उतरून पाण्यात शिरलो, फुग्याची हवा सोडली आणि गेलो, तो सरळ तळाला. हिरव्या उजेडात पंपाच्या पाइपाशेजारी गाळात गुडघे टेकले. मग पाय मारायला लागलो. उठलो, मांडीएवढा वर आलो, परत बसलो. पुन्हा मारले. पुन्हा बसलो. पोटऱ्या पेटल्या. शेवटी नळी दाबून फुग्यात हवा भरली आणि वर आलो. म्हणजे हरलो. अट अशी नव्हती.

मग काका म्हणाले, "मले वाटलं कोकण्यानं तिथंच मुक्काम टाकला."

साहेबांनी हसू दाबलं नाही, पण जोरातही हसले नाहीत. "झालं? आणू जॅकेट? गाडीतच आहे."

मी पायरी धरून दम घेत होतो. तोंडात एक घोट गेला होता. मी तो थुंकायला गेलो आणि थांबलो. गोडं होतं. मी आणखी एक घोट घेतला, मुद्दाम. एक बाई म्हणाली, "पिऊन राह्यला काय गं हा?" मी पीत नव्हतो, चाखत होतो. जन्मापासून ज्या पाण्यात मी बुडालो, वर आलो, ते सगळं खारं. खारं पाणी जड असतं, ते माणसाला खालून उचलून धरतं. त्याच्या हिशेबानं माझ्या कमरेला शिसं बांधलेलं. धरणाच्या, विहिरीच्या गोड्या पाण्याला तेवढी उचल नाही. आणि मी मात्र आर्वीच्या धरणात सगळा अरबी समुद्र कमरेला बांधून उतरलो होतो. आईचं वाक्य बरोबर घेऊन. पाणी ता पाणीच. नव्हतं.

मी पट्टा सोडला आणि पायरीवर ठेवला. सगळा.

"काय करून राह्यला?" साहेब पहिल्यांदा दोन पावलं पुढं आले. "वजन नाही तर खाली जाशील कसा?"

"प्लेट आहे ना, साहेब. ती नेईल."

ती घेऊन गेली, सावकाश, लहान पोराला बोट धरून नेतात तशी. तळाशी थांबलो. फुगा रिकामा आहे की नाही ते दोनदा बघितलं, दोरी ओढून, हातानं चाचपून. मग मान वर केली आणि पाय मारले. जड होतं, पण येत होतो. दगडांची एकेक रांग डोळ्यांसमोरून खाली जात होती. श्वास घेतला की तो सरळ पोटात जायचा, पुढं अडवायला कोणी नव्हतं. डोकं बाहेर निघालं तेव्हा मी हात वर केला नाही, काही नाही. नळी हातात धरून दाखवली, की बघा, दाबलेली नाही. काकांनी टाळी वाजवली आणि बायांना म्हणाले, "जा आता, कापूस वेचा."

साहेब म्हणाले, "आता बेशुद्ध हो."

ते विसरले नव्हते. मी फुगा गच्च भरला, अंग सैल सोडलं. पंखानं मला अलगद उलटा केला आणि माझं नाक पाण्यात गेलं. साहेबांनी सांगितलं होतं तसंच, अगदी तसंच. मी मान उचलून खोकलो. सगळी विहीर हसली.

"पाह्यलं?" साहेब म्हणाले.

"पाहिलं. वर आल्यावर एवढी हवा भरायची नाही. थोडी भरायची आणि मागं रेलायचं." मी रेलून दाखवलं. तोंड वर राहिलं.

"बेशुद्ध माणूस रेलते का?"

मी म्हणालो, "नाही. पण प्रत्येक फुग्यात एक खोट असतेच, साहेब. याची मला माहीत आहे."

मध्येच काका बोलले, कुणी न विचारता. "अहो साहेब, आमी पोट्ट्याच्या पाठीलेच डबा बांधतो. पोटाले बांधला तं पोट्टं उताणं पडून आभाय पाहात राह्यते, पोहाले काय शिकते घंटा. पाठीले बांधला तं नाक पाण्यात जाते, अन् मंग ते मान उचलाले शिकते. पोट्ट्यायले विचारा." पोरं डबे बांधून उभीच होती. कुणी विचारलं नाही.

साहेबांनी माझ्याकडं, मग त्या डब्यांकडं पाहिलं. मग म्हणाले, "मले पटलं नाही. पण तू वर आला. दोर मात्र मीच धरीन." एवढंच. यावर मी खूश होतो. पटलं पाहिजे असा माझा हट्ट नव्हता. मला पाण्यात माझ्या मनासारखं जायचं होतं, आणि वर तो दोर हवाच होता. हे दोन्ही एकाच वेळी हवं असण्यात कुणाला विसंगती दिसली तर दिसो.

धरणावर गेलो तेव्हा थंडी पडली होती. त्याच बाभळीवरून पोटानं सरकलो. काटे प्लेटच्या पट्ट्याला घासले, माझ्या सुटाला घासले, एक दोन जागी रक्तही निघालं असेल. पण पुढं फुटण्यासारखं काही नव्हतं. मी वर खाली न होता, आडवा, जाळीसमोर थांबू शकलो, आणि दोन्ही हात मोकळे होते. करवतीनं फांद्या कापल्या, एकेक दोराला बांधली, वरून साहेब ओढून घेत. मध्ये एकदा मागं काहीतरी टोचल्यासारखं वाटलं. थांबलो, बुडबुडे ऐकले. काही नव्हतं. तरी थांबून परत ऐकले. असा मी आहे. जाळी मोकळी झाली तेव्हा पाण्याची ओढ एकदम हातांना लागली आणि मी दोर धरून मागं सरलो.

वर आलो, थोडी हवा भरली, मागं रेललो. साहेब वरून बघत होते, नाक पाण्यात जातं का म्हणून. मी मुद्दाम जास्त वेळ रेलून राहिलो.

त्यानंतर अनेक धरणं केली, त्याच प्लेटवर. फुगा दोनदा बदलला, प्लेट आहे तीच. आता नवीन पोरं विचारतात, जॅकेट घ्यावं की पंख. मी विचारतो, कशाला भितोस ते आधी सांग. बहुतेकांना ते सांगायला लाज वाटते. मग मी म्हणतो, जॅकेट घे.

साहेबांचं ते जॅकेट वाया जाईल याचं मला वाईट वाटत होतं. पंक्चर काढलेलं ते काकूंच्या ओसरीत खुंटीला लटकलं होतं. मग एक काम आलं. गेटचा खांब पाण्याच्या मध्यात होता, भिंतीवरून दोर पोचत नव्हता, होडीनंच जावं लागणार होतं. दोर दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ म्हटलं, तर साहेबांनी नाही म्हणून मान हलवली. सकाळी होडीपाशी आले ते जॅकेट हातात घेऊन. त्यांचे ओठ पांढरे झाले होते. मला मालवणचा धक्का आठवला, त्या चपलांची रांग, आणि विहिरीपासून लांबची आंब्याची ती सावली. त्यांनी हात पसरले, मी ते त्यांना घातलं. त्यांच्या अंगाला ते बेतून शिवल्यासारखं बसलं.

तेवढ्यात काकू जेवणाचे डबे घेऊन आल्या. त्यांनी पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "आता साहेबाले लागला वाटते सातवा."

"फुगव," साहेब मला म्हणाले.

मी नळी दाबली. पुढून गच्च झालं.

"आवळतंय का?" मी विचारलं.

"आवळू दे," ते म्हणाले, आणि माझा खांदा धरून होडीत पाय टाकला. "अजून थोडी भर."